नवे गिअर बसेपर्यंत

लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा आमच्या घरी मोटार आली. यजमानांनी ती हिंगोलीतल्या एका आडत्याकडून जुनी घेतली. पांढऱ्या रंगाची, मागच्या दाराला आतून सुतळी बांधलेली. पुसेगावाजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा दोन ट्रॅक्टर आणि एक जीप होती, पण मोटार ही पहिलीच. लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्यानं द्यायची, एरवी दवाखान्याच्या फेऱ्या मारायच्या, असा यांचा विचार होता. मी मात्र तिच्यात बसले ती चार महिन्यांनी.

घरात आम्ही अकरा माणसं. मी सगळ्यांत धाकटी सून. धाकट्या सुनेचा आवाज बैठकीपर्यंत जाऊ नये, अशी तिथली पद्धत. मला कोणी कधी रागावलं नाही. सासूबाई नुसतं ओठांवर बोट ठेवून हसायच्या आणि मी आवाज खाली आणायची. सहा महिन्यांत सवय झाली. माहेरी गेले की आई म्हणायची, ''काय पुटपुटतीस? नीट बोल की.''

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. माझं माहेर हदगावच्या बाजूला. शेतातली हळद वाळली होती, पण पॉलिशला न्यायची राहिली होती, म्हणून सासरचं दुसरं कोणी निघालं नाही. आम्ही दोघांनीच दोन दिवस आधी निघायचं ठरलं. लग्नानंतर दोघंच असे आम्ही कुठंच गेलो नव्हतो. मी पुढच्या सीटवर बसले, मांडीवर आहेराची पिशवी. कळमनुरी मागं पडली आणि गाडीच्या मागच्या अंगाकडून आवाज यायला लागला. लांब कुठंतरी कोणी रडत असावं तसा. गाडीनं वेग घेतला की तोही वाढायचा.

''काय वाजून राहिलंय?'' मी विचारलं.

''रस्ता खराब हाय,'' हे म्हणाले.

बाळापूर ओलांडलं तरी आवाज थांबेना. मी पुन्हा विचारलं नाही. वारंगा फाटा दोन-तीन किलोमीटर राहिला असेल, तेव्हा मागं खाडकन काहीतरी तुटलं. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, पण चाकं फिरेनात. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून आम्हाला फाट्यापर्यंत ओढत आणलं.

फाट्यावर हॉटेलं, पंक्चरची दुकानं, उसाच्या रसाचे चरक, चारी बाजूंना तोंड करून उभे असलेले ट्रक. हिंगोलीकडच्या तोंडाला एका कडुनिंबाखाली पत्र्याचं गॅरेज होतं. मिस्त्री चाळिशीचा, वाळलेल्या अंगाचा माणूस. यांनी त्याला सगळं सांगितलं, तरी तो नुसता बघत राहिला. मग मागच्या खोलीतून त्याची बायको आली. तिनं यांना पुन्हा एकदा सगळं विचारलं आणि ती नवऱ्याच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्यांदा म्हणाली, ''मागून रडत व्हती म्हनतेत. मंग तुटल्याचा आवाज आला.''

मिस्त्रीनं मान हलवली आणि तो बारदान अंथरून गाडीखाली शिरला.

बैलगाडीला आख असतो तसा मोटारीला मागचा धुरा असतो, आणि त्या धुऱ्याच्या मधोमध एक लोखंडी गोळा. चाकं फिरवणारे गिअर त्या गोळ्यात असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मिस्त्रीनं तो उघडला. आत तेल नसल्यासारखंच होतं. तळाशी दातांचे तुकडे पडले होते. त्यातला एक त्यानं यांच्या तळहातावर ठेवला.

''क्राउन-पिनियन गेलं. नवी जोडी टाकावी लागंल. नांदेडला भेटंल.''

''जुनी जोडी न्हाई का जमणार?'' यांनी विचारलं.

मिस्त्रीला ते ऐकू गेलं नाही. उत्तर बायकोनं दिलं. ''जुनी टाकली तर सहा महिन्यांनी परत येताल. तवा आमालाच शिव्या देताल.''

हदगावची एसटी फाट्यावरूनच जायची. मला चढवून दिलं असतं तर दीड तासात मी माहेरी पोचले असते. हे तसं म्हणालेही. ''तू पुढं जा. मी गाडी घेऊन उद्या येतो.''

''आहेर घेऊन एकटी कशी जाऊ?'' मी म्हणाले. ''लोक इचारतेत. थांबते मी.''

ते खरंच होतं. जावई कुठंय, हे शंभर जणांनी विचारलं असतं. हे नांदेडच्या गाडीत बसून गेले आणि मी कडुनिंबाखाली आहेराची पिशवी धरून बसले. थोड्या वेळानं ती बाई दारात आली.

''उन्हात काहून बसली? आत ये की.''

गॅरेजच्या मागं त्यांच्या दोन खोल्या होत्या. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. उंच, रुंद हाडाची, मनगटभर पांढऱ्या बांगड्या. मूळची कळमनुरीकडच्या एका तांड्यावरची. तिचा पणजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचा, असं ती म्हणाली. आजोबांनी शेती धरली, आणि बाप ट्रकवर ड्रायव्हर झाला. लहानपणी आई वारल्यावर बापानं तिला दोन वर्षं ट्रकच्या केबिनमध्येच वाढवलं होतं. आता तिची एकच मुलगी होती, ती आश्रमशाळेत. सुट्टी लागल्यामुळं मामाकडं गेलेली. हे सगळं तिनं मला भाकरी थापता थापता सांगितलं. मला वाटलं, एवढं सगळं पहिल्या तासातच कोणी सांगतं का? मग तिनं मला विचारलं, आणि मीही सांगायला लागले.

''जरा मोठ्यानं,'' ती म्हणाली. ''स्टोव्ह चालू हाय.''

मी मोठ्यानं बोलले. जेवण झाल्यावर तिनं मला चहा घेऊन बाहेर पाठवलं. मिस्त्री पाठमोरा बसला होता. मी दोनदा ''मिस्त्री, चहा'' म्हणाले. त्याला पत्ता नाही. आतून ती ओरडली, ''अगं, वरड. त्याला तसं न्हाई आयकू जात. हातोड्यानं कान गेलेत त्याचे.''

मी ओरडले. पलीकडच्या पंक्चरवाल्यानंसुद्धा वळून बघितलं. मिस्त्रीनं शांतपणे कप घेतला. मला घाम फुटला होता. आत आले तर ती हसत होती. ''इथं हळू बोलनाऱ्याला चहा बी भेटत न्हाई,'' ती म्हणाली.

संध्याकाळी हे रिकाम्या हातानं परत आले. आमच्या गाडीची जोडी नांदेडच्या दुकानात उद्या येणार होती. त्या रात्री पुरुष बाहेर खाटांवर झोपले आणि आम्ही दोघी आत. सकाळी यांनी पुन्हा विषय काढला. नऊची एसटी होती.

''अजून हळद तरी सापडंल तुला,'' हे म्हणाले. ''जा तू.''

मी दुसऱ्यांदा नाही म्हणाले. या वेळी कारण सापडायला मला वेळ लागला. ''तुमी एकटे इथं कसे राहताल,'' असं काहीतरी म्हणाले. यांना ते आवडलं असावं. बायको आपल्यासाठी थांबली, असं त्यांनी पुढं कित्येकांना सांगितलं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर रॉकेलच्या घमेल्यात नटबोल्ट धुतले. हिरवी साडी नासली. दुपारी हे पुन्हा नांदेडला जाऊन जोडी घेऊन आले. मेणकागदात गुंडाळलेली, नवी कोरी. मोठं चक्र ताटाएवढं, आणि त्यात बसणारा लहान गिअर मुठीएवढा. मिस्त्रीनं त्या दोन्हींवरून आधी हात फिरवला. मग बायकोनं वाटीत शेंदूर तेलात कालवून आणला. नव्या दातांना तो लावायचा, हातानं चक्र फिरवायचं आणि शेंदूर दाताच्या कोणत्या भागावरून पुसला जातो ते बघायचं. मधोमध पुसला गेला तर दात नीट बसला. नाहीतर आत कागदासारख्या पातळ चकत्या असतात, त्या कमी-जास्त करायच्या. मिस्त्री चार वेळा फिरवून बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा खोलायचा.

''डोळ्यानं कळतंय तेवढं तो करतो,'' ती मला म्हणाली. ''पर गाडी चालवल्याबिगर खरं कळत न्हाई. ते मी आयकते.''

आधी मला वाटलं, ती थट्टा करतेय. पण तसंच होतं. कान जायला लागले तेव्हा मिस्त्रीनं मागच्या धुऱ्याची कामं घेणं बंद केलं होतं. नवे गिअर बसवल्यावर ते बारीक रडतात का, हे ऐकल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि त्याला तर तेच ऐकू येईना. तेव्हा ती म्हणाली, मी मागं बसते. बापाच्या ट्रकमध्ये बसून तिला आवाज कळायचे. बाप विचारायचा आणि ती सांगायची. तेव्हापासून त्या गॅरेजमधून धुऱ्याचं काम झालेली एकही गाडी ती मागच्या सीटवर बसल्याशिवाय गेली नव्हती. ट्रकवाले आधी हसायचे. नंतर तेच विचारायला लागले, बाई घरी हायेत का?

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी जॅकवरून खाली उतरली. त्याच दुपारी माहेरी लग्न लागणार होतं. मिस्त्री स्टिअरिंगवर बसला, हे त्याच्या शेजारी. ती मागं बसली आणि मला म्हणाली, ''चल, तू बी बस.''

बाळापूरच्या दिशेनं आम्ही निघालो. तिनं चप्पल काढली, पाय गाडीच्या तळाला टेकवले आणि डोळे मिटले. मिस्त्री वेग वाढवायचा, मग पाय काढून घ्यायचा आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यायचा. दोन-तीन वेळा असं झालं. समोरून ट्रक येत होते, वारा कानात भरत होता. तिनं डोळे उघडले. तिच्या कपाळावर आठी होती.

''काहीतरी हाय,'' ती म्हणाली. ''पर धरता येना. तुला काय येतंय आयकू?''

मला वाटलं, ती यांना विचारतेय. पण ती माझ्याकडं बघत होती. मी चप्पल काढली आणि तिच्यासारखे पाय टेकवले. मिस्त्रीनं पुन्हा वेग घेतला. काहीच नाही. त्यानं पाय काढला, आणि तळव्याखाली अगदी बारीक, डासाच्या गुणगुणीसारखं काहीतरी आलं आणि गेलं.

''येग धरल्यावर न्हाई,'' मी म्हणाले. ''सोडल्यावर येतोय.''

''परत घ्या,'' तिनं मिस्त्रीच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं. मिस्त्रीनं पुन्हा वेग घेतला, पुन्हा सोडला. तिनं तळवे गाडीच्या तळाला घट्ट दाबले. मग पुढं वाकून त्याच्या कानात ओरडली, ''ही म्हनती सोडल्यावर येतंय. बराबर हाय तिचं.''

मिस्त्रीनं वळून माझ्याकडं एकदा बघितलं. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन माघारी वळवली. यांना कोणी काही विचारलं नाही. मी सांगितलेल्या एका गोष्टीवरून एवढी मोठी गाडी वळली, तो धुरा पुन्हा खोलला गेला, आत एक चकती बदलली आणि सगळं पुन्हा जोडलं. त्याला दुपार टळेपर्यंत वेळ लागला. तोवर तिकडं लग्न लागून गेलं असणार. मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही. मी पाने आणून देत होते, मोठमोठ्यानं बोलत होते आणि माझा घसा बसला होता.

दुसऱ्या फेरीत तिनं डोळे मिटले नाहीत. ती माझ्याकडंच बघत राहिली. मी मान हलवली. काही नव्हतं. मग तिनं मिस्त्रीच्या पाठीवर दोनदा थोपटलं. ती त्यांची खूण असावी.

पैसे देताना यांनी घासाघीस केली. जोडी आपण आणली, तीन दिवस आपणच राबलो, बायकोनंही हात लावला, असं सगळं. मिस्त्रीनं बायकोकडं बोट दाखवलं. मला वाटलं, आता ती माझ्याकडं बघून काही कमी करेल. खरं म्हणजे माझी तशी इच्छाही होती. म्हणजे मग ती मला कोणीतरी मानते, असं झालं असतं.

''मैतरीन येगळी, मजुरी येगळी,'' ती म्हणाली. ''काम पुरं केलंय, पैसे पुरे द्या.''

मी म्हणाले, ''द्या.'' बसलेल्या घशातूनही तो शब्द मोठाच निघाला. यांनी माझ्याकडं चमकून बघितलं आणि पैसे मोजून दिले. माहेरी पोचता पोचता माझ्या ध्यानात आलं की तिनं मला मैत्रीण म्हटलं होतं.

निघताना ती खिडकीशी आली. ''आवाज आला तर परत ये.''

''आन् न्हाई आला तर?''

''तरी बी ये.''

आम्ही पोचलो तेव्हा मांडवाखाली खुर्च्या एकावर एक रचायचं काम चाललं होतं. चुलत बहीण सासरी निघून गेली होती. काका यांना म्हणाले, ''गाडी नव्हती तवा येळेवर येत व्हता.'' सगळे हसले. आई मला आत घेऊन गेली आणि तिनं साडीवरचे काळे डाग बघून विचारलं, तीन दिवस कुठं राहिलीस? मी सांगायला लागले. थोडं ऐकून ती म्हणाली, ''हळू बोल, पाव्हणे हायेत.''

चार दिवसांनी आम्ही त्याच रस्त्यानं परत निघालो. फाटा दिसायला लागला. मी म्हणाले, ''पाच मिनिटं थांबायचं का?''

''कशाला? गाडी नीट चालून राहिली की.''

गॅरेजसमोरून जाताना यांनी हॉर्न मात्र वाजवला. ती घमेल्यापाशी बसून काहीतरी धूत होती. मी हात बाहेर काढला. तिनं मान वर केली नाही. फाट्यावर दिवसभर हॉर्नच वाजत असतात.

पुढं मुलं झाली. दोन वेळा हिंगोलीच्या स्टँडवर फाट्याकडं जाणारा जीपवाला भेटला, तेव्हा मी तिला निरोप पाठवला. मोटारवाली बाई बरी हाय म्हणून सांगा. एकदा तिचा उलट निरोप आला. जीपवाल्यानं विचारलं, ''त्या बाई म्हनल्या, पोरीला इचार, अजून आयकती का?'' ''हो म्हणा,'' मी म्हणाले. त्या वर्षी मी उन्हाळ्यात जाणारच होते. मग थोरल्या जाऊबाईंचं ऑपरेशन निघालं, मग धाकट्याला गोवर आला. पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता, पण सुनेला निव्वळ मैत्रिणीकडं जायचंय, असं सांगायला आमच्या घरात शब्दच नव्हता. दर्शनाला औंढ्याला जाता यायचं, दवाखान्याला नांदेडला जाता यायचं. मी दोन्हीकडं गेले.

मोटार आम्ही सात वर्षांनी विकली. तिच्या धुऱ्याला पुन्हा कधी हात लावावा लागला नाही. घेणाऱ्याला मी दारातून एवढंच सांगितलं, मागचं तेल बघत जा. यांना हसू आलं.

त्यानंतर काही वर्षांनी थोरल्या मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी मी नांदेडला गेले होते. सासूबाई तोवर नव्हत्या. घरही वाटण्या होऊन लहान झालं होतं. मुलाला तिथं सोडून परतताना एसटीत मी एकटीच होते. फाटा आला तशी मी उठले आणि खाली उतरले. कंडक्टर म्हणाला, ''बाई, तिकीट हिंगोलीचं हाय.'' मी म्हणाले, ''मागच्या गाडीनं येते.''

रस्ता रुंद झाला होता. कडुनिंब नव्हता. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आणि शेजारी वडापावची गाडी. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालून बघितलं, आपली जागा चुकली असेल म्हणून. शेवटी एका म्हाताऱ्या चहावाल्याला विचारलं.

''मिस्त्री व्हय? बहिरा? ते गेले की चार-पाच वर्षं झाली. जागा रस्त्यात गेली त्यांची.''

''कुठं गेले?''

''कोनी म्हनतं आदिलाबादकडं. कोनी म्हनतं बाईच्या तांड्यावर, भावांकडं. पोरगी नर्स का काय झाली म्हनं.'' त्यानं माझ्यासमोर चहा ठेवला. ''तांड्यावर इचारलं तर लागंल पत्ता. जवळच हाय, कळमनुरीच्या अल्याड. कोनता तांडा त्यांचा?''

तिनं मला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, भाकरी थापताना, नाव घेऊन सांगितलं होतं. तिथल्या विहिरीबद्दलही सांगितलं होतं, तळ्याकाठच्या पिंपळाबद्दलही. ते सगळं मला आठवत होतं. विहिरीला पायऱ्या सतरा आहेत, हेसुद्धा. तांड्याचं नाव आठवेना. मी चहा पिऊन संपवला, आणखी एक मागवला आणि ओळीनं नावं मनात म्हणून बघितली. कळमनुरीच्या भोवती तांडे काय थोडे आहेत? चहावाल्यानं त्याला माहीत असलेली सहा-सात नावं सांगितली. प्रत्येक नाव तेच असेल असं वाटायचं, आणि दुसरं ऐकलं की तेही.

दोन गाड्या निघून गेल्या. तिसऱ्या एसटीत मला मागची जागा मिळाली. कळमनुरी येईपर्यंत मी खिडकीतून आत जाणारे कच्चे रस्ते बघत राहिले. प्रत्येक वळणावर पाटी होती, काहींवरची अक्षरं उन्हानं गेलेली. एका वळणावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या तीन बायका उभ्या होत्या, हातात पांढऱ्या बांगड्या. एसटी थांबली नाही. घरी पोचल्यावर यांनी विचारलं, उशीर का झाला? मी म्हणाले, फाट्यावर गाडी सुटली.